तीसच्या खालचे आकडे

चांगुणानं एंटर दाबलं आणि काळ्या पडद्यावरून आकडे धो धो वाहू लागले. थांबायचं नावच घेईनात.

"हा फोटो हाय?" मागच्या बाकावरून दादांनी, तिच्या वडलांनी, विचारलं.

"फोटोच आहे, दादा. एका ठिपक्याला एक आकडा. शून्य म्हणजे मिट्ट काळं, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढरंफटक. मधलं सगळं मधे."

अंबडच्या त्या क्लासमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर फोटो उजळायचं सॉफ्टवेअर नव्हतं. अप्पाराव सरांनी फोटो स्कॅन करून आकड्यांच्या फाइलीत उतरवून दिला, फळ्यावर चार कमांड लिहिल्या. दहावीतल्या चांगुणाला तेवढ्या बास होत्या. महिन्याभरात ती सरांच्याच चुका काढायला लागली होती. आकड्यांतून काय वाट्टेल ते बाहेर काढता येतं, असं तिला वाटत होतं.

उद्या आईचं वर्षश्राद्ध, आणि हार घालायला आईचा फोटो नव्हता. होता तो हा एकच, संपतकाकाच्या लग्नातला. मांडवाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेली आई, हनुवटीपर्यंत आलेला पदर. मागं दादा उभे.

"लय लाजाळू तुझी माय," दादा म्हणाले. "कॅमेरा दिसला की तोंड झाकायची. मी म्हनायचो, एक तरी फोटो काढ. बिलकुल ऐकलं न्हाई." मळणीयंत्रात अर्धी गेलेली तर्जनी ते बाकाच्या कडेवर घासत राहिले.

चांगुणानं आईपुरत्या ओळी कापून घेतल्या. दर आकड्यात साठ मिळवले. चित्र उघडलं. मांडवाचा खांब उजळला, पदराचा काठ उजळला. तोंड नाही. आणखी साठ मिळवले. आता कापडाची वीण दिसायला लागली. तोंड नाहीच.

"बस कर, बेटा," सर हळूच म्हणाले. "कॅमेऱ्यानं जे बघितलंच न्हाई, त्याचा आकडा कुठून येईल?"

चांगुणाचे डोळे भरले. तरी शेवटचं म्हणून तिनं मूळ फाइल घेतली आणि नुसता अंधार उचलला. तीसच्या खालचे आकडे तेवढे घ्यायचे, पाचनं गुणायचे. एंटर.

आई कापडाआडच राहिली. पण अंधारातून तिचे हात वर आले. दोन्ही हातांनी तिनं मांडीवरच्या तान्ह्या चांगुणाला घट्ट धरलं होतं.

मग पदर कुणी धरलाय?

चांगुणा पडद्याजवळ वाकली. मागं बाक घासायचा आवाज थांबला. आईच्या खांद्यावरून एक हात पुढं आला होता. पदराचा काठ मुठीत धरून खाली ओढत होता.

तिनं त्या हाताची बोटं मोजली. तर्जनी अर्धीच होती.