पाचवा अर्थ

“यामिल्का, बॅग. याला बॅग कर, लवकर.”

सिस्टर टलॉक ओरडल्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात म्हाताऱ्याच्या जबड्यावर होते. मास फर्डीला सकाळी शेजाऱ्यांनी दवाखान्यात आणून सोडलं होतं. उलट्या करून करून बेशुद्ध. कशाने, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आता श्वासही अडकत होता.

यामिल्का घुटमळली. क्यूबाहून जमैकातल्या या डोंगरी दवाखान्यात नर्स म्हणून येऊन तिला पंधरा दिवस झाले होते. स्पॅनिश बोलत वाढलेल्या तिला ‘बॅग’ या इंग्रजी शब्दाचे चार अर्थ माहीत होते. खांद्यावरची. चहाची. जागरणाने डोळ्यांखाली येते ती. आणि ड्रायव्हर सिस्टरांच्या माघारी त्यांना ‘जुनी बॅग’, म्हणजे खडूस म्हातारी, म्हणायचा, ती. यातली कोणती? तिने खाटेखालची म्हाताऱ्याची कापडी पिशवी उचलून पुढे केली.

सिस्टरांनी ती हिसकून भिरकावली. भिंतीवरचा रबरी फुगा ओढला, त्याचा मास्क म्हाताऱ्याच्या तोंडावर दाबला आणि त्या फुग्याने हवा भरू लागल्या.

“याला म्हणतात बॅग करणं. कळत नसेल तर परत जा, बाई. इथे माणसं मरतात.”

हाच फुगा यामिल्काने होल्गिनच्या इस्पितळात एकोणीस वर्षं चालवला होता. तिची मान खाली गेली.

पिशवीतून फळं घरंगळली होती. टणक, एकही न उमललेलं. सिस्टरांनी ती पाहिली.

“अकी. कच्ची अकी खाल्लीय याने. हे फळ झाडावर आपोआप उमलेपर्यंत विषारी असतं. डोळ्यांत मोतीबिंदू, दिसलं नसेल. त्या विषाने रक्तातली साखर पार उतरली असणार. ग्लुकोज लाव.”

यामिल्काने पहिल्याच सुईत शीर पकडली.

संध्याकाळी डॉक्टर आले, तेव्हा मास फर्डी बसून पेज मागत होता.

“पिशवी बघायचं सुचलं कुणाला?” डॉक्टरांनी विचारलं.

“हिला,” सिस्टर यामिल्काकडे न बघता म्हणाल्या.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पंधरा दिवस ती तेच करत आली होती, कुणी काहीही सांगो.

“सुचलं नाही,” यामिल्का म्हणाली. “सिस्टर काय म्हणाल्या ते मला कळलं नाही.”

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. सिस्टरांनी एक खुर्ची ओढून तिच्यासमोर ठेवली.

“बस. आता पहिल्या दिवसापासून सांग, आणखी काय काय कळलेलं नाही.”