छाती कुठल्या वारी आवळते?

“छाती कुठल्या वारी जास्त आवळते?” डॉक्टरांनी विचारलं.

“सोमवारी,” हिरामण म्हणाला. पाठ चोख होता.

उभी जवानी त्याने भिवंडीच्या लूमवर कापसाची धूळ गिळण्यात घालवली होती. नुकसानभरपाई मंजूर झाली तर लूम सुटणार होता. नाही झाली, तर मरेपर्यंत ड्युटी. ते काही फार लांब नव्हतं.

युनियनच्या अण्णांनी पुस्तक वाचलं होतं. कापसाच्या रोगाची खूण पक्की : सुट्टी संपली की पहिल्याच दिवशी, सोमवारी, छाती आवळते.

“माजी त शनवारी आवलते, अण्णा.”

“मग तुझी छाती चुकतेय. पुस्तकात सोमवार आहे.”

हिरामणला पटलं. एवढी वर्षं आपली छाती भलत्याच वारी आवळत होती, याची त्याला जरा लाजही वाटली. मग खारबावला घरी बायकोने, चंद्राने, भाकरी वाढताना रोज घोकून घेतलं. “कंचा वार?” “सोमवार.” मगच कालवण.

डॉक्टरांनी कानातली नळी काढली. “लूमला सुट्टी कधी असते?”

“शुक्रवारी. त्या दिशी लाइट नसते, साहेब.”

“मग धूळ पुन्हा कधी नाकात जाते?”

“शनवारी.”

“म्हणजे छाती शनिवारी आवळायला हवी. तुझी सोमवारी आवळते. हा लूमचा रोग नाही, विडीचा असेल.”

“शनवारीच आवलते, साहेब! आईशप्पत, शनवारीच!”

“हो, आता मी सांगितल्यावर,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ‘नामंजूर’ लिहिलं.

बाहेर बाकावर लूमवरचेच बाकीचे खोकत बसले होते. अण्णा त्यांची उजळणी घेत होते.

“वार कोणता?”

“सोमवार!”

आतून केसरीनाथच्या नावाचा पुकारा झाला. तो उठला, ओठांतल्या ओठांत सोमवार, सोमवार करत दाराकडे निघाला. हिरामण त्याच्याकडे धावला. त्याला एकच शब्द सांगायचा होता. त्याने तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. भिंत धरून तो खाली बसला. नुसता हात हलवत राहिला, नको, नको. केसरीनाथ आत गेला. दार लागलं.

अण्णा बाकाकडे वळले.

“बघा रे,” ते म्हणाले, “असं खोकता आलं पाहिजे.”