शहापूरची सकुबाई

ते साल २०१८. मुरबाडच्या समाजमंदिरातल्या उद्योग-वर्गात कमळला उभं केलं होतं आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शिकवणाऱ्या भूमिका मॅडम गिऱ्हाईक झाल्या होत्या.

"पापड कसे दिले, ताई?"

कमळनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "द्या काय ते."

बायका हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. डोळ्यांत बघून भाव सांगायचा आणि मग गप्प बसायचं, पुढचं गिऱ्हाइकाला बोलू द्यायचं, एवढंच त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी कमळनं हे घरी सांगितलं. सासू गिरजाबाई अंगणात पापड गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, "गप बसायचं तर तुला पयल्यापासून येतंय. अर्धं शिकून झालं की गो."

भात कापून झालं की कमळ गावाजवळच्या एका कारखान्यात रोजावर जाई. दिवसभर उभं राहून बाटल्यांना झाकणं लावायची. तिला तिथं परत जायचं नव्हतं. तांदळाचे पापड चालले तर घरचा धंदा, नाहीतर पुन्हा झाकणं. म्हणून ती वर्गाला आली होती.

मॅडमनी एकदा सुचवलं, पापड प्लास्टिकवर वाळवा, गुळगुळीत दिसतील. गिरजाबाईंनी ते साफ मोडून काढलं. प्लास्टिकवर पापडाला घाम येतो म्हणाल्या. त्यांचं जुनं जाड सुताचं लुगडं होतं, पापड त्याच्यावरच वाळायचे. लुगड्याच्या चौकड्या पापडाच्या पाठीवर उमटायच्या आणि तळला की नाहीशा व्हायच्या. गिऱ्हाईक खातं तो तळलेला पापड, मग पाठ कशाला बघेल, असं गिरजाबाईंचं म्हणणं.

पावसाळ्याआधी मॅडमनी वर्गात स्टीलचा डबा उघडला. आत तळलेल्या पापडाचे तुकडे होते. शहापूरलाही त्यांचा असाच वर्ग चाले. तिथल्या सकुबाईचे हे पापड, खाऊन बघा, असं त्या म्हणाल्या.

कमळनं तुकडा तोंडात टाकला. खोटं बोलणं तिला जमत नसे.

"माज्यापेक्षा हलका हाय."

दुसऱ्या दिवसापासून ती उकड जास्त वेळ मळू लागली. एखादा घाणा मनासारखा उतरला की त्यातलं एक पाकीट मॅडमना देई. ऑफिसच्या चहाबरोबर होतील, म्हणून मॅडम ते घेऊन जात. आणि पुढच्या खेपेला डबा उघडत. सकुबाई कायम एक पाऊल पुढेच. सकुबाईनं पाकिटावर वजन छापलं, मग कमळनंही छापलं. सकुबाई स्वतः दुकानदारांशी बोलते म्हटल्यावर कमळ पिशवी भरून जीपनं कल्याणला गेली. दुकानाच्या पायरीवर उभी राहून तिनं भाव सांगितला आणि गप्प बसली. पहिल्या दुकानानं हाकललं. दुसऱ्यानंही. बाजार संपता संपता एकानं पिशवीच रिकामी करून घेतली.

परत येताना जीपमध्ये ती वाकून नाही, मागे टेकून बसली होती.

घरात मात्र सुटका नव्हती. गिरजाबाईंना आयतंच हत्यार सापडलं होतं. भाकरी जरा करपली की त्या म्हणत, "सकुबाई माजी सून असती तर दोन घास बरे खाल्ले असते."

सकुबाईला एकदा बघून यावं, असं कमळच्या फार मनात होतं. तुमचा पापड तिच्या वरचढ होऊ दे, मग ताठ मानेनं जा, असं मॅडम म्हणाल्या. कमळला ते पटलं. ती गेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कल्याणच्या एका मोठ्या शेठनी निरोप धाडला. त्यांना वर्षभर माल पुरवणारं एकच घर हवं होतं. हे काम मिळालं तर झाकणं कायमची सुटणार होती. कमळनं सगळं पणाला लावलं. पिठात जिरं घातलं, लसूण घातला, हिरवी मिरची वाटून घातली.

शेठच्या टेबलावर दोन ताटल्या मांडल्या. एक कमळची. दुसरी मॅडमनी आणलेली, सकुबाईची. सकुबाई आली नव्हती, तिला सवड नाही असं मॅडम म्हणाल्या.

"मोठी बाई," कमळ म्हणाली. "तिला यायची गरजबी नाय."

शेठनी दोन्ही खाल्ले. मग कमळची ताटली हळूच बाजूला सरकवली.

"तुमचा चांगला आहे, ताई. पण मसाल्यात तांदूळ हरवला. मला हा दुसरा हवा."

कमळचा चेहरा उतरला, पण ती रडली नाही. तिनं मॅडमकडे सकुबाईचा एक कच्चा पापड मागितला. मॅडम घुटमळल्या. मग त्यांनी पिशवीतून एक काढून दिला.

कमळनं तो उजेडाकडे धरला. उलटा केला. बराच वेळ बघत राहिली. मग मॅडमकडे बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

शेठनी विचारलं, कुणाच्या नावानं काम लिहू?

कमळनं सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "सकुबाई लिवा. शहापूर."

"माल वेळेवर देईल ना ही बाई?"

"देईल. माज्या शब्दाभायेर नाय ती."

एवढं बोलून ती गप्प बसली.

भूमिका मॅडमची पुढे पालघरकडे बदली झाली. जाताना तो स्टीलचा डबा त्यांनी कमळला देऊन टाकला. गिरजाबाई दोन वर्षांनी गेल्या. शेवटपर्यंत सुनेला सकुबाईचे टोमणे मारत होत्या, फक्त मारताना हसू दाबत होत्या. कमळ पुन्हा कारखान्यात गेली नाही. आता तिच्या अंगणात गावच्या बायका लाटायला येतात, आणि कुणाचा हात सैल पडला की ती डबा उघडते.

शेठ म्हातारे झालेत. सकुबाईला एकदा डोळ्यांनी बघायची त्यांची फार इच्छा आहे. तिच्या नावाची पाकिटं दर आठवड्याला त्यांच्या दुकानात येतात. त्यातला कुठलाही पापड उलटा केला, तर पाठीवर गिरजाबाईंच्या लुगड्याच्या चौकड्या दिसतात.