दहा जणांची सुई

रंगराव वस्तादांच्या बरगड्यांवर लिव्हर तपासणाऱ्या यंत्राने दहा टिचक्या मारल्या आणि पडद्यावर आकडा उमटला.

डॉक्टर शिंत्रेबाई म्हणाल्या, "वस्ताद, आठ वर्षांपूर्वी रक्तदान शिबिरातच तुम्हाला हिपॅटायटिस सी निघाला होता. औषध का नाही घेतलं?"

"कुठं दुखतच न्हवतं की! अजून रोज तीनशे जोर मारतोय."

"लिव्हर दुखत नाही. आतल्या आत वण पडत ते घट्ट होत जातं. तुमचं बरंच झालंय, पण वेळ गेलेली नाही. तीन महिने गोळ्या घ्या, विषाणू जाईल. हा रक्तातून येतो. एकच सुई कधी अनेकांना वापरली होती?"

वस्तादांचा मिशीवरचा हात खाली आला. तीस वर्षांपूर्वी तालमीत ताकदीची इंजेक्शनं तेच टोचायचे. "दंड पुढं!" म्हटलं की नऊ पैलवान रांगेत उभे राहायचे. काचेची एक सिरिंज, एकच सुई. गरम पाण्यात विसळली की झालं. शेवटी स्वतःला.

सोमवारी वस्ताद पुन्हा आले, ते तालमीतल्या त्या रांगेतले नऊही गडी घेऊनच. कुणाचं पोट सुटलेलं, कुणी आजोबा झालेला. "आमाला काय झालंय?" म्हणत सगळे कुरकुरत होते.

तपासणीसाठी रक्त घ्यायला नर्सने सुईचं पाकीट फोडलं. वस्तादांनी तालमीतला तोच आवाज लावला,

"दंड पुढं करा रं! या खेपंला परत्येकाला नवी सुई हाय."