चोरलेला दम

"दम चोरलात, आण्णा!" पाठीवर हात ठेवून ऐकणाऱ्या डॉक्टरीणबाई हसल्या. "एका श्वासात वीसपर्यंत मोजायचं होतं. मध्येच नाकानं हवा घेतलीत."

न्यूमोनियानं पार पिळून काढलेल्या आण्णांनी जीभ चावली. उभी हयात कबड्डीत असाच दम चोरून पंचांना गंडवलं, आणि ही कालची पोरगी पकडते!

"मीपण चढाया केल्यात. पुन्हा मोजा, मग घरी सोडायचं बघू."

आण्णांचं हसू मावळलं. "पोरी, सकाळी शेजारचा गेला, खाट रिकामी झाली. काल तो माझ्या विनोदांवर हसत होता गं. मला इथं ठेवू नको, पाया पडतो!"

"आणि घरी दम लागला, तर तिथं कुणाला गंडवाल?"

आण्णांनी मोजायला घेतलं. सातावरच डोळ्यांपुढं काजवे चमकले. नाकानं चोरटी हवा ओढणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ. समोर वॉर्डाचं दार उघडंच होतं.

पण आण्णा थांबले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी पंचाची वाट न बघता स्वतःच हात वर केला आणि रडत म्हणाले, "बाद."