जपानी मशीन

केबलचं जाळं कंपनीला विकलं की पद्माकरला पुण्यात लेकाशेजारी फ्लॅट मिळणार होता, शिवाय मॅचच्या वेळी गावाच्या शिव्या खाणं कायमचं बंद. कंपनी भाव चांगला देत होती, कारण पेठेतली वीज गेली तरी, वीज असलेल्या पुढच्या गल्ल्यांत त्याचा टीव्ही आणि इंटरनेट चालूच राही. "जपानी मशीन आहे, आत बॅटरी असते," असं तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. मशीन विकणाऱ्याने त्यालाही तसंच सांगितलं होतं.

पुढच्या गल्ल्यांना सिग्नल पोचवणारं ते मशीन पेठेत मथुराकाकूंच्या ओसरीवर होतं. कंपनीचे साहेब ते बघायला आले आणि नेमकी वीज गेली. मशीनचा लाल दिवा तेवढा चालू राहिला.

"बघा, जपानी!" पद्माकर म्हणाला.

"कसलं जपानी!" काकू पदराने वारा घेत म्हणाल्या. "पोरानं मला पंख्यासाठी इन्व्हर्टर घेऊन दिलाय, त्याला हे मशीन लावलंय. पंखा नि हे, दोन्ही लावली की अर्ध्या तासात बसतो मेला. मग पंखा काढला. गावाची मालिका कशाला बुडवायची?"

साहेब हसले. "या काकू व्यवहारात येतात का?"

"मी कुठं येऊ बाबा? गुडघे दुखतात."

पद्माकरने काकूंच्या घामेजल्या कपाळाकडे पाहिलं आणि साहेबांना चहा पाजून तसंच परत पाठवलं.

दुसरा इन्व्हर्टर त्याने स्वतःच्या पैशाने आणून त्याला काकूंचा पंखा जोडून दिला. मशीनला वीज मात्र अजून काकूंच्याच मीटरची लागते. तो बिल मागायला गेला, की त्या "हरवलं" म्हणतात आणि दुपारी स्वतःच भरून येतात.