इंगरबाईंचा वाडगा

कॅनमध्ये चाळीस लिटर भुकटीचं दूध होतं, रांगेत ऐंशी घरं आणि मोजायला एक वाडगा. घरटी अर्धा लिटर. शेवटच्या घराला दिल्यावर कॅन कोरडा व्हायला हवा होता. सलग अकराव्या दिवशी त्यात साडेपाच लिटर उरलं.

दूध सोसायटीचा बंकट झाकण लावायला वाकला, तेव्हा आश्रुबानं त्याचं मनगट धरलं. आश्रुबाची दोन वर्षांची पोर चार दिवसांपूर्वी अंबाजोगाईच्या दवाखान्यात वारली होती.

"उरतं कावून, बंकट?"

"मला काय ठाव? मी काठोकाठ भरतो. उरतं ते बाळंतिणींला वाटतो."

"अंगठा आत घालतोय की," रांगेतून मनकर्णा म्हणाली. "अंगठ्याला बी दूध पाजतो."

दोघी-चौघी हसल्या. आश्रुबा हसला नाही.

गावातल्या पितळी मापांची बुडं खालून ठोकून वर आणलेली असत. म्हणून त्या दुष्काळात सोसायटीनं इंगरबाईंचा वाडगा माप म्हणून घेतला होता. बाई डेन्मार्कच्या, दूध वाटायला आलेल्या. या जाड, करड्या झिलईच्या वाडग्याचा नमुना वीस वर्षांपूर्वी त्यांनीच घडवला होता. आता तिकडचे शौकीन तसले वाडगे कपाटात जपून ठेवत. भट्टीत आकसून दगडासारखी झालेली माती. तिचं बूड कुणाला ठोकता येत नव्हतं.

"बाईला इचारा," बंकट म्हणाला. "त्या रोज बघत्यात. मापात खोट न्हाई, माझ्या हातात बी न्हाई."

सगळे इंगरबाईंकडे वळले. त्यांनी मराठी शब्द जुळवायला थोडा वेळ घेतला.

"वाडगा अर्ध्या लिटरचा आहे. मी केला आहे. ऐंशी वेळा पूर्ण भरला, तर काही उरत नाही."

"ऐकलंस का बे?" आश्रुबा म्हणाला.

त्यानं बंकटचा हात कॅनच्या काठावर दाबला आणि कमरेला खोचलेली खडी फोडायची हातोडी काढली. पहिला घाव अंगठ्यावर बसला. दुसरा कानशिलावर. मग रांगच मोडली. किती जणांनी मारलं, ते पुढं फौजदारालाही मोजता आलं नाही. कॅन आडवा झाला, दूध भेगांत गेलं. बंकटचा श्वास थांबल्यावरही मनकर्णा त्याच्या तोंडावर चपलेनं मारत होती.

दुपारी पंचनामा झाला. हवालदारानं वाडगा जप्तीत घेतला.

"माप अर्धा लिटर. लिहू ना, बाई?"

"थांबा."

इंगरबाईंनी दूध तपासायच्या पेटीतलं काचेचं मोजपात्र आणलं. वाडगा पाण्यानं काठोकाठ भरला आणि थेंबही न सांडता त्यात ओतला. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. तिसऱ्यांदाही आकडा तोच आला.

चारशे तीस मिलिलिटर.